विसाराचे पैसे कोणाचे?



आपल्या धर्मग्रामातील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी आता परदेशी जाऊ लागली आहेत. त्यातली काही इंग्लंडला जातात. विद्यापीठाचे पत्र येते, व्हिसा मिळतो, घरात आनंदीआनंद होतो. मग सुरू होते खोलीची शोधाशोध, आणि तीही इथे बसून, मोबाईलवर. फोटो पाहून एखादी खोली पसंत पडते. तिथला एजंट कळवतो, 'खोली तुमच्यासाठी राखून ठेवतो, एका आठवड्याचे भाडे आधी पाठवा.' या रकमेला तिकडे 'होल्डिंग डिपॉझिट' म्हणतात. पैसे पाठवले जातात आणि कधीकधी पुढे काहीच होत नाही. मालकाचा विचार बदलतो, खोली दुसऱ्याला दिली जाते, नाहीतर कागदपत्रांचे घोंगडे भिजत पडते. खोली मिळत नाही आणि पैसेही परत येत नाहीत. ईमेलला उत्तर नाही, फोन कोणी उचलत नाही.

अशा वेळी पालक विचारतात, 'फादर, एवढ्याशा पैशांसाठी भांडत बसावे का? ख्रिस्ती माणसाने मागावे की सोडून द्यावे?' प्रश्न दिसतो साधा. पण न्याय म्हणजे काय आणि क्षमा म्हणजे काय, हे दोन मोठे प्रश्न त्याच्या पोटात आहेत. म्हणून आज त्यावर थोडा सविस्तर विचार करू या.

विसार म्हणजे काय?

इंग्रजी नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपण तिला विसार म्हणतो. जमिनीचा सौदा असो, लग्नाचा मांडव असो की बॅण्ड, आधी विसार द्यावा लागतो. विसार देणारा सांगतो, 'मी शब्द फिरवणार नाही.' विसार घेणारा सांगतो, 'मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.' विसार ही शब्दाची खूण आहे, आणि तो शब्द दोघांचाही आहे. एकाने बांधील राहावे आणि दुसऱ्याने मोकळे, असा विसार नसतो.

मराठी बायबलमध्ये हाच शब्द फार मोठ्या ठिकाणी आला आहे. करिंथकरांना आणि इफिसकरांना लिहिताना संत पौल पवित्र आत्म्याला देवाने आपल्याला दिलेला विसार म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'अराबोन' हा बाजारातला, सौद्याचा शब्द. आजच्या ग्रीक भाषेत त्याच शब्दावरून साखरपुड्याला नाव पडले आहे. देव आपला शब्द पुरा करील, त्याची खूण आपल्याला आधीच मिळाली आहे, हे सांगताना पौलाला बाजारातला शब्द वापरण्याचा संकोच वाटला नाही. तेव्हा विसाराचा व्यवहार आपण केवळ पैशांची बाब म्हणून बाजूला टाकू नये.

इंग्लंडमध्ये या विसाराला कायद्याने चौकट घालून दिली आहे. 'टेनंट फीज ॲक्ट २०१९' हा कायदा तिथे १ जून २०१९ पासून लागू झाला. होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. समजा, खोलीचे भाडे महिन्याला ६५० पौंड आहे. वर्षाचे झाले ७,८०० पौंड. त्याला ५२ आठवड्यांनी भागले की १५० पौंड. रुपयांत ही रक्कम पंधरा हजारांच्या पुढे जाते. एका जागेसाठी असा विसार हाती असताना त्याच जागेसाठी दुसऱ्याकडून विसार घ्यायला मनाई आहे. पैसे घेतल्यापासून पंधरा दिवसांत करार व्हावा अशी अपेक्षा असते. वेगळी तारीख ठरवायची तर ती दोघांच्या संमतीने लेखी ठरवावी लागते. करार झाला तर रक्कम सात दिवसांत परत करायची, किंवा भाडेकरूच्या संमतीने पहिल्या भाड्यात वा मुख्य डिपॉझिटमध्ये वळती करायची. मालकाने नकार दिला किंवा मुदत उलटूनही करार झाला नाही, तरीही सात दिवसांत परत करायची. हे इंग्लंडचे झाले. वेल्सचा कायदा वेगळा आहे, आणि स्कॉटलंडमध्ये असा विसार घेताच येत नाही. आपला मुलगा वा मुलगी नेमकी कुठे जाणार आहे, हे आधी पाहावे.

दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच

दुसऱ्याची ठेव परत करण्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सुरुवातीला केफालस नावाचा एक वृद्ध, श्रीमंत गृहस्थ भेटतो. त्याच्या बोलण्यावरून सॉक्रेटिस न्यायाची एक व्याख्या पुढे ठेवतो : खरे बोलावे आणि घेतलेले परत करावे. लगेच तो स्वतःच शंका काढतो. एखाद्या मित्राने शहाणा असताना आपले शस्त्र आपल्याकडे ठेवले आणि वेड लागल्यावर ते परत मागितले, तर द्यावे का? देऊ नये, हे सर्वांनाच पटते. पण इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शस्त्र अडवून ठेवायचे ते मित्राच्या हितासाठी, ते आपल्याला मिळावे म्हणून मुळीच नाही. परत न करण्याला कारण असू शकते, परंतु 'मला ते हवे आहे' हे कारण कधीच पुरेसे नसते.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ठेवीचेच उदाहरण घेतले आहे. माझ्याजवळ कुणाची ठेव आहे, ठेवणारा मरण पावला आहे, लेखी पुरावा काहीच नाही. ती मी दडपली तर कुणाला कळणारही नाही. कान्ट म्हणतो, आता हाच सर्वांचा नियम करून पाहा : ज्या ठेवीचा पुरावा नाही ती प्रत्येकाने नाकारावी. मग काय होईल? जगात कुणी कुणाकडे ठेव ठेवणारच नाही. म्हणजे हा नियम स्वतःच स्वतःला खाऊन टाकतो.

हजारो मैल दूर असलेल्या विद्यार्थिनीचे १५० पौंड दाबून बसणारा एजंट नेमका याच विचाराने चालतो. ही मुलगी परकी आहे, तिला इथले कायदे ठाऊक नाहीत, एवढ्या रकमेसाठी ती काही कोर्टात जाणार नाही. तिचा मालकी हक्क त्याला मान्य नाही असे नाही. तिच्या दुबळेपणाचा हिशेब त्याने करून ठेवलेला असतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी परतफेडीचा स्वतंत्र विचार मांडला. त्यांच्या मते दुसऱ्याचे अन्यायाने घेणे हे जसे पाप, तसेच त्याच्या इच्छेविरुद्ध ते ठेवून घेणे हेही पाप. म्हणून परतफेड शक्य तितक्या लवकर करावी, कारण दिरंगाईच्या काळात मालक आपल्याच वस्तूच्या उपयोगाला मुकतो. हे किती खरे आहे! त्या १५० पौंडांवर मुलीला दुसरी खोली राखायची असते. ते अडकले म्हणून दुसरीही हातची जाते, आणि मग ओळखीच्या कुणाच्या घरात जमिनीवर गादी टाकून पहिले आठवडे काढावे लागतात. एजंटाच्या खात्यात ती एक छोटी नोंद असते, पण इकडे कुणाच्या तरी आईच्या बांगड्या बँकेत गहाण असतात.

आधी आपला हात तपासू या

मात्र न्याय मागणाऱ्याने पहिली तपासणी स्वतःची करावी. विसार दोघांच्या शब्दाची खूण आहे, तेव्हा आपण आपला शब्द पाळला का?

इंग्लंडचा कायदा एजंटाला वा मालकाला चार प्रसंगी ती रक्कम ठेवू देतो. भाडेकरूने स्वतःहून माघार घेतली, त्याने खोटी वा दिशाभूल करणारी माहिती दिली, करारासाठी जे वाजवी ते त्याने केले नाही, किंवा तिथे भाड्याने राहण्याचा अधिकार पडताळणीत सिद्ध झाला नाही आणि एजंटाला हे आधी कळण्यासारखे नव्हते. आणि पैसे ठेवायचे असतील तर त्याने सात दिवसांत लेखी कारण दिलेच पाहिजे. ते दिले नाही तर ठेवण्याचा हक्क उरत नाही.

ही कारणे मला नीतीच्या दृष्टीनेही रास्त वाटतात. आपल्याला चार दिवसांनी स्वस्त खोली सापडली आणि आपण पहिली सोडली, तर त्या चार दिवसांत एजंटाने आपल्यासाठी इतरांना परत पाठवलेले असते. मग 'आम्ही राहिलोच नाही, पैसे कसले घेता?' असे म्हणणे रास्त नाही. तसेच नोकरी नसता नोकरी लिहिणे, दोघे राहणार असता एकच नाव देणे, जामीनदार म्हणून ज्याला विचारलेलेही नाही अशा काकांचे नाव टाकणे, हे 'चालतेच' म्हणून आपण करतो. ते उघडकीला आल्यावर पैसे गेले, तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही. दुसऱ्याने सातवी आज्ञा पाळावी असा आग्रह धरताना आपण आठवी मोडलेली नसावी.

'जाऊ दे' म्हणजे क्षमा का?

आता समजा, आपली बाजू स्वच्छ आहे. तरीही पुष्कळ जण म्हणतात, 'जाऊ दे फादर, देव बघून घेईल.' कुणी अंगरखा मागितला तर त्याला वरचे वस्त्रही द्या, ही प्रभूची शिकवण त्यांना आठवते. संत पौलानेही कोर्टकचेरी करणाऱ्या करिंथकरांना, त्यापेक्षा अन्याय सोसा, असे सुनावले होते. या वचनांना वळसा घालून पुढे जाता येणार नाही.

पण प्रभूने सांगितलेले देणे हे मोकळ्या मनाने देणे आहे. आपल्याला हक्क आहे हे ठाऊक असून, मागण्याची ताकद असून, जो सोडतो त्याने खरोखर काही दिले. 'कटकट नको', 'इंग्रजीत कोण लिहीत बसणार', 'ते मोठे लोक, आपले कोण ऐकणार' या भीतीपोटी आणि कंटाळ्यापोटी जो सोडतो त्याने काही दिलेले नसते. त्याच्याकडून ते काढून घेतले गेलेले असते, आणि मनात कडवटपणा उरतो तो वेगळाच. अशा गप्प बसण्याला क्षमेचे नाव देणे बरे नाही.

प्रभू येशूचेच पाहा. प्रमुख याजकासमोर शिपायाने त्याला चपराक मारली तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का, असे त्याने विचारले. पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की मुकाट्याने निघून जा. पौल गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. ज्याने अन्याय सोसा असे लिहिले त्यानेच हे केले. त्यात सूड नव्हता. अन्यायाला अन्याय म्हणावे, एवढाच त्याचा आग्रह होता.

आणखी एक गोष्ट आहे. आपण सोडलेले पैसे केवळ आपलेच नसतात. ज्या एजंटाला तीन मुलांनी काही विचारले नाही, तो चौथ्याला निर्धास्तपणे फसवतो. आपले औदार्य त्या चौथ्या मुलाच्या खिशातून खर्च होते. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मागावे कसे?

भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याला सांग, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव, असा क्रम मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने घालून दिला आहे. एजंट आपल्या मंडळीतला नसला तरी हा क्रम इथेही उपयोगी पडतो.

पहिली पायरी एकट्याची. पैसे कोणत्या तारखेला दिले ते पाहून पंधरा दिवस मोजावेत, त्यावर सात दिवस. मालकाने त्याआधीच नकार कळवला असेल तर त्या नकारापासून सात दिवस. मग एजंटाला थोडक्यात आणि सभ्यपणे ईमेल लिहावा : रक्कम इतकी, तारीख ही, करार झाला नाही, लेखी कारण मिळाले नाही, २०१९ च्या कायद्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत रक्कम परत करावी. फोनवर बोलणे झाले तरी ते ईमेलने पक्के करावे. पावती, जाहिरात, आलेले संदेश जपून ठेवावेत. शिवीगाळ नको, धमकी नको, आणि घडले त्यापेक्षा तिळभरही जास्त लिहू नये. खऱ्या तक्रारीला मीठमसाला लागत नाही.

दुसरी पायरी साक्षीदारांची. उत्तर आले नाही तर त्या एजन्सीकडे रीतसर लेखी तक्रार करावी. विद्यापीठाचे विद्यार्थी सल्ला केंद्र, 'सिटिझन्स ॲडव्हाइस' आणि 'शेल्टर' या संस्था अशा कामी विनामूल्य सल्ला देतात.

तिसरी पायरी अधिकाऱ्यांची. इंग्लंडमधील प्रत्येक अशा एजंटाला २०१४ पासून तक्रार निवारण योजनेचे सभासद असणे सक्तीचे आहे. 'द प्रॉपर्टी ऑम्बुड्समन' आणि 'प्रॉपर्टी रिड्रेस' या त्या दोन योजना. भाडेकरूला तिथे खर्च येत नाही. मात्र आधी एजन्सीला उत्तरासाठी वेळ द्यावा लागतो, साधारण आठ आठवडे. स्थानिक कौन्सिलच्या 'ट्रेडिंग स्टँडर्ड्स' विभागाकडेही जाता येते. तो विभाग रक्कम परत करायला लावू शकतो आणि ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकतो. शेवटी 'फर्स्ट-टियर ट्रिब्युनल' आहेच. पुष्कळदा तिथवर जावे लागत नाही. समोरच्याला कायदा ठाऊक आहे हे कळले की पैसे परत येतात.

अर्थात आधी सावध असणे केव्हाही चांगले. पैसे पाठवण्यापूर्वी एजंट कोणत्या योजनेचा सभासद आहे ते विचारावे आणि त्या योजनेच्या यादीत नाव तपासावे. एजंटच बनावट निघाला तर प्रश्न विसाराचा राहत नाही, सरळ चोरीचा होतो. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता बँकेला आणि पोलिसांना कळवावे.

आपल्या गावातला विसार

इंग्लंडच्या एजंटाला बोल लावणे सोपे आहे. पण आपल्या धर्मग्रामातही भाड्याने दिलेली घरे आहेत, आणि घरे मिळवून देणारे आपलेच भाऊबंद आहेत. बाहेरून पोटासाठी आलेले कुटुंब खोली पाहते, 'टोकन' म्हणून काही हजार रुपये हातावर ठेवते. पुढे मालकाला दुसरा, जास्त भाडे देणारा भाडेकरू मिळतो. त्या टोकनचे काय होते? आपल्याकडे हे व्यवहार १८७२ च्या करार कायद्याच्या सर्वसाधारण नियमांवर आणि पुष्कळदा नुसत्या तोंडी बोलण्यावर चालतात. सात दिवस मोजायला इथे कुणी बसलेले नाही. अशा ठिकाणी सदसद्विवेकबुद्धीलाच दिवस मोजावे लागतात.

पवित्र शास्त्राने ते मोजून दिले आहेत. गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे. कारण रात्री तो काय पांघरणार? शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू ज्याने दडपली, त्याने ती पूर्ण परत करावी, वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, आणि त्यानंतर वेदीकडे अर्पण घेऊन यावे, असा लेवीयच्या पुस्तकातला नियम आहे. आधी परतफेड, मग अर्पण. जक्कय तर चौपट द्यायला निघाला आणि तारण त्याच दिवशी त्याच्या घरी आले. पापनिवेदनात पापांची क्षमा मिळते, पण दुसऱ्याचे पैसे त्याने आपले होत नाहीत. ते परत करावेच लागतात.

तेव्हा ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी ते निःसंकोच, सभ्यपणे आणि खरेपणाने मागावेत. मिळाल्यावर त्यातले कुणाला द्यावेसे वाटले तर अवश्य द्यावेत; ते देणे खरोखर तुमचे असेल. सगळे प्रयत्न करूनही मिळाले नाहीत, तर मनातला राग देवाच्या हाती सोपवून पुढे जावे. तेव्हा ती क्षमाच असेल. आणि ज्यांच्याकडे दुसऱ्याचे टोकन पडून आहे त्यांनी मागणीची वाट पाहू नये. त्या कुटुंबाचा फोन नंबर अजून तुमच्या मोबाईलमध्ये असेल. आज मिस्साहून घरी गेल्यावर तो लावावा.

ज्या पालकांना असे पत्र लिहिण्यासाठी मदत हवी असेल त्यांनी पावती आणि आलेले सर्व संदेश घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. आपण मिळून लिहू.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू